यांच्या उरलेल्या गोळ्या

दुपारची जेवणं आटोपली की माझे डोळे जड होतात. खाटेवर पडते, पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि बघते तर पायथ्याशी हे बसलेले! दिवाळीत गेले, पण टोपी अजून तशीच तिरकी. मला इतका आनंद होतो, की आधी रडूच येतं.

"अहो, चहा टाकू?"

"चहा राहू दे. माझ्या गोळ्या कुठंयत?"

घ्या! गेलेल्या माणसाला गोळ्या कशाला? तरी उठते, फडताळ उघडते, तर आत आमचा केळीचा मळा. पानांखाली गार सावली, दोन ओळींच्या मधे दवाखान्याचं बाकडं. हे त्यावर बाही सरकवून बसलेत, रक्त द्यायला बसायचे तसे, तोंड वाकडं करून.

"लघवीच्या गोळ्या गं. भरलं पाकीट सोडून गेलो होतो."

"त्या मीच खाते," मी सांगून टाकते. "पाय सुजतात माझे. डॉक्टरनं मला अर्धीच दिलीय, तिच्यावर तुमची एक घेते. चांगल्या गोळ्या काय उकिरड्यावर टाकायच्या? सूज तर उतरली!"

"सूनबाईला विचारलंस?"

"ओरडेल ना ती!"

"आणि तुझी हृदयाची गोळी?"

"तीपण चालू आहे की."

हे कपाळावर हात मारतात. "अगं शहाणे, त्या लघवीच्या गोळीनं अंगातलं पोटॅशियम वाहून जातं. रक्तात ते कमी झालं, की हृदयाची गोळीच हृदयावर उलटते. माझं रक्त उगाच तपासायचे का? शेजारीच तर बसायचीस."

"रोज केळी खाते मी! सावद्यात राहून केळ्यांचा काय तोटा?"

"केळ्यांनी भागलं असतं, तर माझ्यासारख्या मळेवाल्याला सुया टोचल्या असत्या का?"

मला हसूच फुटतं. किती दिवसांनी भांडतोय आम्ही! इतकं बरं वाटतंय, की मळमळ, तोंडाची गेलेली चव, पोटऱ्यांतले गोळे, काही म्हणता काही आठवत नाही.

"मी येतेच तुमच्याबरोबर," मी म्हणते.

"काही नको. जरा निवांत राहू दे मला." असं म्हणत हे माझ्या बांगड्या कोपराकडे सारतात, मनगट दाबून नाडी बघतात. बघता बघता यांचा चेहरा उतरतो.

पंखा घरघरतोय. मी खाटेवर. बांगड्या पार कोपराजवळ रुतून बसल्यात. मनगटावर बोट ठेवते. ठोका, ठोका, मग काहीच नाही. मग एकदम दोन.

"जयश्री!"

सून पिठाच्या हातांनी धावत येते. मी सगळं सांगते, सासऱ्यांच्या गोळ्यांसकट. "ओरडायचं तर नंतर ओरड. आधी दवाखान्यात ने, माझं पोटॅशियम बघायला सांग."

ती ओरडत नाही. माझी नाडी धरते, आणि तिचाही चेहरा उतरतो.

"आई, बांगड्या खाली घेऊ का? किती रुतल्यात."

"राहू दे," मी म्हणते. "तू गाडी काढ."