पन्नाशीतली टीईटी

मी नोकरीला लागले तेव्हा ही परीक्षा जन्मालाच आली नव्हती. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आणि शिकवायला लागले. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, ती नव्या मुलांसाठी. तिचा आपल्याशी काही संबंध नाही, असंच आम्ही जुने शिक्षक धरून चाललो होतो. मग कोर्टाचा निकाल आला. नोकरीत असलेल्यांनीही दोन वर्षांत ती पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरली असतील त्यांची सुटका. आमच्या दोन शिक्षकी शाळेतले दुसरे गुरुजी त्यात सुटले. मी नुकतीच पन्नाशीत शिरलेली, मी अडकले.

"बाई, अभ्यास करा हां, नायतर अंगठे धरून उभं राहायला लागेल," गुरुजी म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही. नवरा मुंबईत खासगी नोकरीत, त्या नोकरीचा भरवसा नाही. मुलगा अजून शिकतोय. घर चालतं ते माझ्या पगारावर, आणि तो पगार आता उत्तरपत्रिकेवरच्या चार गोळ्यांपैकी कोणता काळा करायचा यावर येऊन ठेपला होता.

सकाळच्या एसटीने गावात जायचं, दोन वर्ग एका खोलीत सांभाळायचे, मधल्या सुट्टीत खिचडीची माहिती मोबाईलवर भरायची, तिथे रेंज नसली की फोन हातात धरून मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहायचं. संध्याकाळी रत्नागिरीत परत येईपर्यंत माझ्यात काही उरत नसे. कुकर लावायचा आणि पुस्तक उघडायचं. पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे.

मला शिकवायला भाची यायची, थोरल्या बहिणीची मुलगी. ती ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. भरती निघेल म्हणून वाट बघत झेरॉक्सच्या दुकानात काम करते. परीक्षा पास झालेलीला वर्ग नाही आणि वर्ग असलेलीला परीक्षा! आमच्या घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

सरावाच्या पहिल्याच पेपरात मी आपटले. गणितात आपटले असते तर समजू शकले असते. आपटले ती बालमानसशास्त्रात. जन्म गेला पोरांत आणि पोरांच्या मनावरच्या प्रश्नांत नापास!

प्रश्न होता, एक विद्यार्थी वर्गात वारंवार झोपतो, शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल? पर्याय चार. पालकांना बोलावणे, मुख्याध्यापकांना कळवणे, पहिल्या बाकावर बसवणे, अध्यापन अधिक रंजक करणे. मी पेन धरून बसून राहिले.

"काय गो मावशी? सोप्पा तर आहे."

"महिना कुठला?" मी विचारलं.

"महिना कशाला?"

"शिमगा असेल तर पालखी घरोघर फिरते, पोरं रातभर ढोलामागे. त्यांना झोपू द्यायचं. पावसाळ्यात झोपत असेल तर आधी अंगाला हात लावून ताप बघायचा. आणि वर्षभर झोपत असेल तर घरात काय चाललंय ते आजीला विचारायचं. बापाला नाही."

"ह्यातला काय पण पर्यायांत नाय."

"तेच तर म्हणतेय मी."

भाचीने माझ्या हातातलं पेन घेऊन चौथ्या गोळ्यावर टेकवलं. "तू करतेस ता लिहू नको. पुस्तकातली बाई काय करेल ता लिही."

तेव्हापासून ही पुस्तकातली बाई आमच्या घरात राहायलाच आली. तिच्या खोलीत एकच वर्ग. तिचं छप्पर गळत नाही. मतदारयाद्या तिच्या गळ्यात पडत नाहीत. झोपणाऱ्या पोराला ती गाणं म्हणून जागं करते, आणि दमत तर ती कधीच नाही. मला तिचा मनापासून राग यायचा. तरी प्रत्येक प्रश्नाला आधी तिला विचारायचं आणि स्वतःला गप्प बसवायचं, एवढं एक मी शिकले. गुण वाढायला लागले. भाची खूश व्हायची. मी मात्र सकाळी एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपायचे, आणि गाव आलं की कंडक्टर हाक मारायचा.

परीक्षेला शहरातल्याच एका कॉलेजात नंबर आला होता. वर्गात माझ्यासारख्या चष्मेवाल्या बऱ्याच होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आयुष्यभर पोरांच्या पाठीमागे फिरत "कॉपी नको" म्हणणाऱ्या आम्ही, आणि आमच्या पाठीमागे एक तरुण पोरगा फिरत होता. मी मुकाट्याने गोळे काळे केले.

निकाल भाचीनेच मोबाईलवर बघितला. "झालीस गो पास!" म्हणत तिने मला मिठी मारली. मला आनंद झाला नाही, नुसतं सुटल्यासारखं झालं. मी चहा टाकला. आम्ही जुने शिक्षक नापास झालो तर जागा रिकाम्या होतील, असं भरतीची वाट बघणारी मुलं उघड बोलत होती. तिच्याही कानावर ते येतच असणार. कितीतरी दिवस ओठावर येऊन परत गेलेलं मी आता विचारलं.

"खरं सांग, मी नापास व्हावं असं तुला कधी वाटलं?"

"नाय गो," ती लगेच म्हणाली. मग कपातली साय बोटाने बाजूला केली. "एकदा वाटलं. तू म्हणालीस ना, पोरांची तोंडं बघायचा कंटाळा आलाय, कधी एकदा सुटते असं झालंय. तेव्हा वाटलं, मग मला तरी दे."

असं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. बोलले असेन. दमल्यावर माणूस काय वाटेल ते बोलतं, आणि प्रत्येकाला कधी ना कधी आपल्या कामाचा कंटाळा येतोच, असं तिला समजावायचं सोडून मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. कंटाळा यायला आधी वर्ग मिळावा लागतो.