आवडती पोस्ट

माझ्या ब्लॉगवर मी कायम मानेपासून खाली दिसते. कराडसारख्या गावात बँकेची नोकरी आणि सासरची माणसं सगळ्या तालुक्यात पसरलेली, म्हणून चेहरा दाखवायचा नाही अशी अट मी स्वतःलाच घातली होती. फोटो नवरा काढतो, गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ करून. साडीच्या निऱ्या, पर्स, चपला सगळं नीट येतं आणि गळ्याशी फोटो संपतो. नोकरी करणाऱ्या बायकांनी काय घालावं आणि पुढं कसं जावं, हे शिकवणाऱ्या बाईला डोकंच नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

नवरा सोडला तर घरी मी हे काय करते ते कुणाला नीट माहीत नव्हतं. चुलत सासूबाईंनी 'ब्लॉग' हा शब्द ऐकून दोन खणांची कापडं अस्तरासकट आणून दिली आणि गळा मागून जरा खोल ठेव म्हणाल्या. मी ती कापडं शिंप्याकडं टाकली आणि गप्प बसले. गैरसमज मोडायला गेलं तर ब्लॉग वाचायला दाखवावा लागला असता.

सल्ले मात्र मी भरमसाट दिले. ब्लेझरवर लिहायचं म्हणून एकदा ब्लेझर घालून मिरज स्टेशनात गाडीची वाट बघत उभी होते. तीन जणांनी आपणहून तिकीट काढून दाखवलं आणि चौथा मला बघताच फलाट सोडून गेला. घरी येऊन मी लिहिलं, 'ब्लेझरमुळे व्यक्तिमत्त्वाला अधिकार येतो.' आता यात खोटं काय होतं?

सगळ्यात जास्त वाचला गेलेला माझा लेख होता 'संधी दारात आली की कारणं शोधत बसू नका'. पुष्कळ बायकांनी तो मैत्रिणींना पाठवला. तो मी कधी लिहिला तेही सांगून टाकते. बँकेतली बढती दुसऱ्यांदा नाकारली, त्याच आठवड्यात.

बँकेत बढती आली की बदली येते. पहिल्या वेळी मी मुलीच्या चौथीच्या स्कॉलरशिपचं कारण दिलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं, ते कारण दिलं. आता तिसरं पत्र आलं होतं. शाखा व्यवस्थापक, जत. सोमवारपर्यंत होकार किंवा नकार लिहून द्यायचा होता, आणि या वेळी नाही म्हटलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. जत म्हणजे रोज जाऊन येण्याचं गाव नव्हे. खोली घ्यायची, शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. मुलगी दहावीला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू ठरवशील ते." हे वाक्य दिसायला फार उदार असतं. निर्णय आपला आणि उद्या काही बिनसलं तर दोषही आपलाच. मला त्याचा असा राग आला की त्या दिवशी मी गच्चीवर फोटोच काढू दिला नाही.

सासूबाईंना मी विचारलंच नाही. त्या नको म्हणतील अशी भीती नव्हती. त्या जा म्हणतील, अशी होती. मग माझ्याकडं काय कारण उरलं असतं?

म्हणून मी वाचकांचं सर्वेक्षण घेतलं. वरवर कारण असं की ब्लॉग सुधारायचा आहे. खरं कारण असं की कुणा दोनशे अनोळखी बायकांनी मिळून माझा निर्णय घ्यावा आणि मी मोकळं व्हावं. बारा प्रश्न काढले. नाव विचारायचं नाही, म्हणजे बायका मोकळेपणानं लिहितील. नववा प्रश्न होता, 'बढतीबरोबर लांबची बदली आली, उदाहरणार्थ कराडहून जत, तर तुम्ही काय कराल?' उदाहरण मी कसं काय दिलं ते मला अजून कळलेलं नाही. हात आपला लिहून गेला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर निकाल उघडून बसले. पहिला प्रश्न साधा होता, 'कामावर जाताना तुम्ही काय घालता?' एकीनं लिहिलं, 'मिळेल ते.' दुसरीनं लिहिलं, 'साडी. ड्रेस घातला तर आज काय विशेष म्हणून विचारतात, आणि काही विशेष नसतं.' एकीचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'घाईघाईत.' एका पुरुषानंही फॉर्म भरला होता. मिसेसला न सांगता साडी घ्यायची आहे, सावळ्या रंगाला मोरपंखी चालेल का, असं त्यानं बाराही प्रश्नांच्या खाली लिहिलं होतं. सगळ्या सर्वेक्षणात खरी तळमळ त्या एकट्याचीच दिसली.

करिअरमधला सगळ्यात मोठा अडथळा कोणता, याला मी चार पर्याय दिले होते. आत्मविश्वास, ओळखी, पेहराव आणि इतर. यंत्रानं उत्तरांची गोल चकती काढून दिली, ती भाकरीएवढी आणि जवळजवळ सगळी निळी. निळा रंग 'इतर'चा. इतर म्हणजे काय ते खाली लिहिलेलं होतं. आठची एसटी. नळाला पाणी यायची वेळ. नणंद. नणंदेचं लग्न. नणंदेचं बाळंतपण. एकीनं लिहिलं होतं, 'अडथळा काही नाही, फक्त साडेपाचला निघावं लागतं.' आत्मविश्वासावर मी सात लेख लिहिले होते. ते कुणासाठी लिहिले, असं मी मनात म्हटलं आणि पुढं गेले.

सहावा प्रश्न मला स्वतःला फार आवडलेला. 'तुमची सगळ्यात आवडती पोस्ट कोणती आणि का?' म्हणजे माझ्या लेखांपैकी कोणता आवडला. ब्लॉगवाले लेखाला पोस्ट म्हणतात, तसं मीही म्हणून गेले. आमच्या भागात ज्या घरात पोरगी शिकलेली आहे, त्या घरात पोस्ट या शब्दाचा अर्थ काय, हे मी विसरलेच होते. उत्तरांची रांग लागली होती. तलाठी. ग्रामसेवक. 'पीएसआय, कारण खाकीत रोज काय घालायचं हा प्रश्न उरत नाही.' 'क्लास वन, पण क्लास टू पण चालेल.' 'कुठलीही, पण जिल्ह्यातच.' मी एकटी खोखो हसत होते. एवढी मेहनत घेतलेल्या माझ्या लेखांचं नाव कुणीही घेतलं नव्हतं. मग एक उत्तर आलं, 'आता कुठलीही चालेल ताई. वडील म्हणाले हे वर्ष शेवटचं, नंतर बघायला येतील. मुलाखतीला कुठल्या रंगाची साडी नेसू ते तेवढं सांगा.' मी हसायची थांबले. त्या मुलीला मी नंतर उत्तर दिलं, आकाशी, काठ बारीक. पण तिचं नाव, पत्ता काहीच नव्हतं, म्हणून ते सगळ्यांसाठीच लिहावं लागलं.

त्याच प्रश्नाखाली अगदी तळाला एक उत्तर होतं. फोनला बोलून लिहिलेलं असावं, कारण बोलणं जसंच्या तसं उतरलं होतं.

'आमचं मालक बर्फातल्या पोस्टवर हुतं ती पोस्ट. मी बगितली न्हाई. बायकांस्नी तितं नेत न्हवतं. पोस्ट आली की ट्रंक भरायची आन जायाचं. घर कोन बगंल आसं त्यांस्नी कुनी इचारलं न्हाई. मी बगितलं.'

माझे सासरे फौजेत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते पेन्शनवर येऊन ऊस बघत होते, आणि पाच वर्षांत गेलेही. ती काळी ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे, त्यात दिवाळीचे दिवे असतात. तरी मी स्वतःला समजावलं, या भागात फौजेतली घरं काय थोडी आहेत? कुणीही असेल.

मग त्याच फॉर्ममधलं नवव्या प्रश्नाचं उत्तर उघडलं. मी पर्याय दिले होते, स्वीकारीन, नाकारीन, कुटुंबाशी चर्चा करून ठरवीन. बहुतेकींनी चर्चा निवडली होती. मी स्वतःही गुपचूप एक फॉर्म भरला होता आणि त्यात 'स्वीकारीन'वर टिचकी मारली होती. निदान निकाल तरी बरा दिसावा म्हणून. या बाईंनी तिन्ही सोडून खाली लिहिलं होतं,

'चर्चा कुटं केली. पत्र पर्समदी हाय. मागल्या टायमाला माजा गुडगा फुडं केला. गुडगा बरा हाय.'

लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याआधी राग आला. माझी पर्स? माझा ब्लॉग? आणि हे बोलून लिहिणं कुणाकडून शिकल्या? मी फोन तसाच हातात घेऊन पडवीत गेले. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या, पाय पसरून, गुडघा माझ्याकडं करून.

"आई, फॉर्म तुम्ही भरलाय?"

"कसला फारम?"

"ब्लॉगचा. माझा."

"त्यात नाव इचारलं हुतं व्हय?"

"नाही."

"मग," त्या म्हणाल्या आणि काड्या बाजूला केल्या.

"पण ब्लॉग माझा आहे हे तुम्हाला कळलं कसं? त्यात माझं तोंडसुद्धा नाही."

"अगं, साड्या माझ्या. टाकी आपली. तोंड कशाला लागतंय?" त्यांनी जुडी झटकली. "पयल्यापास्नं वाचती मी. चांगलं ल्हितीस. त्यो कोटाचा लेख तेवढा खोटा वाटला."

मला एकदम रडू आलं. मी या बाईच्या गुडघ्याआड लपून नकार दिला होता, आणि त्या माझ्या समोर बसून सगळं वाचत होत्या. मी खाली बसले. थोडी मेथी माझ्याकडं ओढली. म्हटलं, "दहावी आहे तिची."

"दहावी तिची हाय. तुजी न्हाई."

"आणि तुमचं?"

"माजं काय? म्या बर्फातल्या मानसाची वाट बगितली. तू शनवारी येनार." जुडी संपल्यावर म्हणाल्या, "जतला ऊन लय. पानी ट्यांकरनं येतंय म्हनं, तवा पांढरं काय नगं नेऊस. सुती ने, गडद. आन त्यो कोट हितंच ऱ्हाऊ दे."

माझ्या सगळ्या ब्लॉगमध्ये कुणी इतका नेमका सल्ला दिला नव्हता. मी आत गेले, पर्समधून पत्र काढलं आणि जेवणाच्या टेबलावर, ताटांच्या ओल्या खुणा चुकवून, होकाराच्या जागी सही केली. नवरा दारातून बघत होता. म्हणाला, "ट्रंक काढू का माळ्यावरची?" त्याला माफ करायला मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी तो फॉर्म बंद करायला घेतला तेव्हा दिसलं, शेवटचं उत्तर मी वाचलंच नव्हतं. बारावा प्रश्न असा होता, 'हा ब्लॉग वाचायला तुम्ही आणखी कुणाला सांगाल का? सांगाल तर कुणाला?' सासूबाईंनी त्यापुढं म्हटलं होतं,

'व्हय. ल्हिनारीला.'