जास्तीची मूठ

मी फार देवभक्त बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. उपास मला सोसत नाहीत, आरतीत माझा सूर लागत नाही, आणि ज्या कानबाईबद्दल लिहायला बसले आहे तिच्याशी तर माझं लहानपणापासून भांडणच होतं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ आणि दागिने घालून, साडीचोळी करून तिला चौरंगावर मांडतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोहोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचे गहू आदल्या दिवशी, शनिवारी मोजून घ्यायचे असतात, माणसामागे सव्वा मूठ, ज्याची मूठ त्याचं नाव घेऊन. तो रोट घरच्यांनीच खायचा, परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा.

आमचं गाव रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. आमच्या घरी मूठ पडायची ती फक्त पुरुषांच्या नावाने. सहा-सात वर्षांची असताना मी आईला विचारलं होतं, "मंग माही मूठ कुठी?" आई गहू निवडता निवडता म्हणाली, "तुही मूठ तुह्या घरी." लग्न करून जळगावला गेले, तर तिथेही सासऱ्यांची, नवऱ्याची आणि दिरांची मूठ. मी विचारलं नाही. पुढे ते घरही राहिलं नाही, तीन वर्षांत कागदावर सह्या झाल्या आणि मी मोकळी झाले. मोकळी हा शब्द लोक मला धीर द्यायला वापरायचे. मला मात्र तो ऐकला की रिकामी खोली आठवायची.

नर्सिंग शिकलेली होते म्हणून निभावलं. धुळ्याला एका डॉक्टर दांपत्याच्या खाजगी दवाखान्यात चार वर्षं सिस्टर म्हणून काम केलं आणि मग कामाच्या व्हिसावर कॅनडाला गेले. तिथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं, औषधं द्यायची, त्यांच्या मुलांचे फोन आले की त्यांच्या कानाशी धरायचे. राहायला एका घराच्या तळघरातली खोली, वर जमिनीलगत एक खिडकी. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ चढला की दिवस कळायचा नाही. मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागले होते. चहा टाकताना "घे बाई, झाला तुझा चहा" असं स्वतःलाच म्हणायचे. एकदा घरमालकिणीने वरून विचारलं, कुणी पाहुणे आलेत का? मी हो म्हणाले. त्या दिवशी मला माझी फार कीव आली.

वर्क परमिट संपत आलं होतं, म्हणून कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज केला. कायम हा शब्द मला औषधासारखा वाटायचा. एकदा तो शिक्का बसला की कुणी ऊठ म्हणणार नाही. पण तिकडून पत्र आलं की धुळ्याच्या नोकरीचा दाखला हवा, दवाखान्याच्या कागदावर, जबाबदार माणसाच्या सहीचा, आणि तो महिन्याभरात. नाहीतर अर्ज बाद. अर्ज बाद झाला असता तर हिवाळ्याच्या आत मला गाशा गुंडाळावा लागला असता. आणि परत यायचं तर कुठे? आई जाऊन पाच वर्षं झाली होती. घर भावाचं. तो वाईट नाही, पण त्याच्या घरात माझी बॅग ठेवायला जागा करावी लागते, असलेली नसते.

मी भावाला धुळ्याला पाठवलं. तो एक चक्कर मारून आला आणि फोनवर म्हणाला, "अक्का, तठी कुलूप आहे. डॉक्टर वारले म्हणे. बाईचा काही पत्ता नाही." मी आणखी चार नंबर फिरवले, सगळे बंद. शेवटी रजा काढली, तिकीट काढलं आणि स्वतः आले. पोहोचले तो नेमका कानबाईचा शनिवार. वहिनी परातीत गहू घेत होती. भावाच्या नावाने सव्वा मूठ, दोन्ही भाच्यांच्या नावाने दोनदा. मी ओसरीवर भिंतीला टेकून बघत बसले. एवढ्या लांबून आलेली बाई, वय चाळीसकडे झुकलेलं, आणि मनात तोच सहा वर्षांच्या पोरीचा प्रश्न. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचा तरी काय दोष, तिला सासूने शिकवलं तेच ती करत होती. रविवारी देवीपुढे सगळे पाया पडले. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, तू मला मोजत नाहीस, मीही तुला काही मागत नाही.

सोमवारी सकाळी धुळ्याला निघाले तेव्हा भाऊ चिडला. "आज कोन भेटीन तुले? बठ्ठे नदीवर राहतीन. उद्या जाय ना." पण माझ्या मुदतीचे दहा दिवस उरले होते आणि माझा स्वभाव असा, की कुणी थांब म्हटलं की पाय आधी उचलतो. जळगावहून एसटी धरली. मांडीवर कागदांची फाइल, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. भाऊ म्हणाला तसंच झालं. धुळ्यात उतरले तर रस्ते मिरवणुकांनी भरलेले, रिक्षा पुढे सरकेना. मी चालत निघाले. बायका डोक्यावर कानबाई घेऊन, कपाळं गुलालाने माखलेली, पांझरा नदीकडे चालल्या होत्या. ढोल वाजत होते. त्या गर्दीत मला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणाला माझं काही लागत नव्हतं. तळघरात वाटायचं त्याहून हे एकटेपण मोठं होतं, कारण इथली भाषा मला कळत होती.

दवाखान्याची गल्ली सापडली. पाटी नव्हती. खाली कापडाचं दुकान झालं होतं आणि तेही बंद. आजूबाजूची सगळी दारं लावलेली. मी पायरीवर बसले. याच पायरीवर आम्ही सिस्टर ड्यूटी संपल्यावर चपला घालायला टेकायचो. किती वेळ बसले ठाऊक नाही. फाइल छातीशी धरून मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. तेव्हाही देवीला काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही. त्यात भक्ती नव्हती. थकवा होता.

नदीवरून बायका परतायला लागल्या होत्या. त्यांच्यातली एक, साठीची, सावळी, हातात रिकामा पाट, माझ्यापुढे थांबली आणि अहिराणीत म्हणाली, "काय व माय, कोनी वाट देखी राहिनी?" मी डोळे पुसत म्हटलं, "कुणाची नाही." ती म्हणाली, "मंग जेवनी का?" मी नाही म्हणायच्या आत तिने माझ्या हातातली फाइल काढून स्वतःच्या काखेत घातली आणि चालू लागली. माझं सगळं आयुष्य त्या फाइलीत होतं, म्हणून मलाही मागे जावं लागलं. पुढे कळलं की सगळे तिला अक्का म्हणतात. मला भाऊ अक्का म्हणतो, तेवढंच आमचं साम्य.

दोन खोल्यांचं घर. पंगत बसत होती. अक्काने मला पाटावर बसवलं आणि माझ्या ताटात रोट वाढला. मी दचकले. दुसऱ्या घरचा रोट! हे मलाही कळत होतं. तिची म्हातारी जाऊ कोपऱ्यातून ओरडली, "व अक्का, परकीले रोट दी राहिनी का तू?" मी ताट सारून उठायला लागले, तर अक्काने माझा खांदा दाबला.

"आते ऐका बठ्ठा जन," ती म्हणाली. "शनवारले मी गहू ल्हिधात. पोरं, सुना, नातवंडं, बठ्ठास्ना नाव लिसन मूठ टाकी. मंग मोजं, तं एक मूठ जास्ती. परत मोजं, तरी जास्ती. दोन दिन मना जीवले घोर. ही मूठ कोनी शे? आते समजनं." आणि जावेकडे वळून म्हणाली, "परकी कसी? मोजेल शे ती."

मोजलेली आहे, म्हणाली ती मला. त्या घरात सुनांच्याही नावाने मूठ पडत होती, मुलींच्याही. अक्का बोलण्याच्या नादात चुकून एखादं नाव दोनदा बोलून गेली असेल. एवढं मोठं कुटुंब, पोरांचा गलका, होऊ शकतं. मी वाद घालत नाही. मला फक्त इतकं माहीत आहे की ती चूक शनिवारी झाली, त्याच शनिवारी मी भावाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी पहिला घास घेतला आणि मला पुन्हा रडू फुटलं. अक्का पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको व माय. खाई ले. उरू नही देतस." मी पूर्ण रोट खाल्ला. त्या अर्ध्या तासात मला दाखल्याची एकदाही आठवण झाली नाही.

ताट उचलल्यावर तिने विचारलं, कशाला आली होतीस? मी दवाखान्याचं नाव सांगितलं, डॉक्टरीणबाईंना शोधते आहे म्हटलं. अक्का माझ्याकडे बघतच राहिली. मी कॅनडाला गेल्यानंतर त्या दवाखान्यात लागलेली शेवटची मावशी म्हणजे हीच अक्का. दवाखाना बंद झाल्यावर डॉक्टरीणबाई नदीपलीकडे देवपुरात लेकीकडे राहायला गेल्या आणि अक्का रोज दुपारी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला जात होती. "आते तठेच जावानं शे माले," ती म्हणाली आणि तेलाची बाटली पिशवीत टाकली. पूल ओलांडून आम्ही दोघी चालत गेलो. खाली पांझरेच्या पाण्यात फुलं वाहत होती.

डॉक्टरीणबाईंना कमी ऐकू येत होतं, पण नजर जुनीच. मला बघून म्हणाल्या, "ही तीच ना, पेशंटच्या नातेवाइकांशी भांडायची?" मी हो म्हटलं. त्या हसल्या. पलंगाखालून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात दवाखान्याची कोरी लेटरहेड होती, शिक्का होता आणि हजेरीची रजिस्टरं होती. चार वर्षं, रोज, माझ्याच अक्षरात माझी सही. त्यांनी भिंग धरून पानं तपासली, माझी कामं एक एक विचारून घेतली आणि सावकाश, स्वच्छ अक्षरात दाखला लिहिला. शेवटी स्वतःहून एक ओळ घातली, की ही सिस्टर रुग्णाला एकटं सोडत नसे. ती ओळ कुणी मागितली नव्हती. अक्का तोवर खाली बसून त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती, जणू काही विशेष घडतच नव्हतं.

दाखला मुदतीत पोहोचला. पुढचे महिने मी वाट पाहिली, पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी दिवसातून वीस वेळा मेल उघडायचे, नियम पाठ करायचे, इतरांच्या अर्जांचं काय झालं ते शोधत बसायचे. आता कामावर जायचे, यायचे. जे माझ्या हातात नव्हतं ते धरून बसायची सवय त्या पायरीवर सुटली असावी. एकटेपण गेलं असं म्हणणार नाही. खिडकीवर बर्फ तसाच चढला, आणि चहा मी एकीचाच टाकला. फक्त रविवारी अक्काचा फोन यायचा आणि ती विचारायची, "काय रांधं आज?" तेवढ्यासाठी मी रविवारी काहीतरी नीट रांधायला लागले.

पीआर मंजूर झाल्याचं पत्र पुढच्या उन्हाळ्यात आलं. भावाला कळवलं, त्याने पेढे वाटले. मी तळघरातल्या खोलीत ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कायम. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लावला, तो हाती आला, आणि मी पलंगावर बसून राहिले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागून एक भीती आली. आता मी इथली ठरले, म्हणजे तिकडची गेले का?

श्रावणातल्या त्या शनिवारी अक्काचा फोन आला. मागे परातीचा आवाज, पोरांचा गलका. मी तिला सांगितलं, अक्का, माझं काम झालं, आता मला इथे कायमचं राहता येईल. तिने मागच्या पोरांना दटावलं. मग म्हणाली, "मंग तू आते तठलीच व्हई गई का?"

फोन कानाला धरून मी चहाचं भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"बरं, ते राहू दे," अक्का म्हणाली. "परात मांडी बठेल शे मी. तुनी मूठ टाकू ना?"

"टाका, अक्का," मी म्हटलं.

तिने फोन खाली ठेवला, पण बंद केला नाही. एक एक नाव घेत ती मोजत होती. सगळ्यांत शेवटी तिने माझं नाव घेतलं, आणि परातीत गहू पडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. मी हात जोडले. या वेळी मनात भांडण नव्हतं.