नाव घातलेलं ताट

"बस आधी. बोलणं कुठं पळून जात न्हाई."

आकुर्डी स्टेशनामागे खानावळ चालवणाऱ्या मावशींचं हे वाक्य. मी आज जो काही आहे, त्यात आई-वडिलांनंतर सर्वांत मोठा वाटा या मावशींचा. कढईच्या काठावर पळी आपटून त्या हे म्हणायच्या आणि समोरचा, ट्रेनी असो की सुपरवायझर, निमूट मांडी घालायचा. तुम्हीही कंपनीत शिफ्ट केली असेल तर अशा एखाद्या मावशींच्या हातचं जेवला असाल. पण इतकं दटावून वाढणारं कुणी तुम्हाला भेटलं असेल, याची मला शंका आहे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आमचं घर बौद्ध. गावच्या हॉटेलात माझ्या वडिलांचा कप वेगळा असायचा. चहा पिऊन झाला की तो त्यांनीच विसळून कोनाड्यात ठेवायचा. म्हणून मला इंजिनिअरिंगला पाठवताना त्यांनी स्टीलचं नवं ताट घेतलं, भांड्यांच्या दुकानातच त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं आणि म्हणाले, "आपलं ताट आपल्याजवळ असावं. कुणाला बोलायला जागा नको."

मावशींच्या खानावळीत पहिल्या दिवशी मी ते ताट पिशवीतून काढून दाराशी बसलो. मावशींनी पाहिलं.

"हे काय रं? आमची ताटं काय गळत्यात?"

त्यांनी ताट उचललं, उलटं करून नाव पाहिलं आणि सरळ मांडणीवरच्या ताटांच्या ढिगात सरकवून दिलं.

"हितं नाव बघून वाढत न्हाई. सरक आत. दारात वारं लागतं."

माझ्यापुढे आलं ते दुसरंच ताट. माझ्या ताटात परभणीकडचा एक वेल्डर जेवत होता. मी त्याच्याकडे इतकं टक लावून पाहिलं की तो म्हणाला, "भाऊ, भाजी पाहिजे का?" पुढे कॉलेज संपेपर्यंत ते ताट कधी माझ्यापुढे आलं, कधी आणखी कुणापुढे. हळूहळू मी पाहायचंच सोडून दिलं.

मग चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. आमची कंपनी मोटारींचे सुटे भाग जोडणारी मशिनं बनवते. तसलंच एक मशीन बसवायला मला मोरोक्कोला पाठवायचं ठरलं, तेव्हा पेढे घेऊन मी मावशींकडे गेलो.

"मोरोक्को? ते कुठं आलं?"

"आफ्रिकेत, मावशी. टँजिअर म्हणून गाव आहे. समोर समुद्रापलीकडे स्पेन दिसतो."

"दिसू दे. भाकरी मिळंल का ते सांग." मग पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "कुणी जेवाय बोलीवलं तर आढेवेढे घेऊ नको. आन् काय काय खाल्लं ते कागदावर लिहून धाड. फोनवरचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

निघताना त्यांनी सांगितलं, की गुडघे साथ देत नाहीत. खानावळ भाचीच्या हाती देऊन त्या गावी जाणार होत्या. "तुझं ताट शोधून ठिवते. बापाचं नाव हाय त्याच्यावर. आलास की घेऊन जा."

टँजिअरला पहिले काही दिवस मी खोलीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथल्या कारखान्यातला मेन्टेनन्सचा रशीद रोज घरी जेवायला बोलवायचा. मी रोज काम पुढे करायचो. काम मात्र तोच थांबवायचा. किटली हातभर उंच धरून पुदिन्याचा गोड चहा पेल्यात असा सोडायचा की वर फेस यायचा, आणि तो प्यायल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचा नाही. शेवटी एका शुक्रवारी त्याने मला गाडीत घालून घरीच नेलं.

शुक्रवारी तिथे घरोघरी कुसकुस असतं. लापशीच्या रव्यासारखे वाफवलेले दाणे, वर भोपळा, गाजर, कोबी, हरभरे, आणि मध्यभागी मटण. रशीदच्या पुतणीने तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. मग मोठी परात आली. ताटं येतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. ताटं आलीच नाहीत. सगळे त्या एका परातीभोवती बसले. पाण्याचा पेलाही एकच, या हातातून त्या हातात जाणारा.

माझा हात पुढे होईना. रशीदने ते पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमच्यासाठी वेगळं ताट आणू?"

त्याने पाहुण्याचा मान म्हणूनच विचारलं होतं. पण 'वेगळं' हा शब्द मी लहानपणापासून ओळखतो. मला कढईवर आपटलेली पळी ऐकू आली.

"नको," मी म्हणालो. "यातच."

हाताने खायचं मला काय शिकवणार, असं वाटलं होतं. पण तळव्यावर झेलत कुसकुसचा गोळा वळायला गेलो आणि तो माझ्या मांडीवर सांडला. पोरं खो-खो हसली. रशीदच्या म्हाताऱ्या आईने स्वतः गोळा वळून माझ्या हातावर ठेवला. "कूल, कूल," म्हणजे खा, खा. मटणाचे चांगले तुकडे ती बोटांनी माझ्या बाजूला लोटत होती. टाकायचं नाही म्हणून मी पुढ्यातलं संपवायचो आणि संपलं म्हणून ती पुन्हा लोटायची. 'अल्हम्दुलिल्लाह', म्हणजे देवाचे आभार, असं म्हटल्याशिवाय पोट भरलं असं धरत नाहीत, हे रशीदने मला फार उशिरा सांगितलं.

मी परतलो तेव्हा मावशी गावी गेल्या होत्या. पळी आता भाचीच्या हातात आहे. माझं पत्र मावशींनी भर पंगतीत एका मुलाकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं, असं तिने सांगितलं. आजही अधूनमधून तिथे जेवायला जातो. पुढे येईल त्या ताटात जेवतो, उलटं करून पाहत नाही.

पत्र असं होतं:

"मावशी, भाकरी मिळते. जाड, गोल, आणि कापायची नाही, हाताने तोडायची. इथेही एक आजी आहेत, तुमच्यासारख्याच न विचारता वाढणाऱ्या. शुक्रवारी त्यांच्या घरी सगळ्यांबरोबर एका परातीत जेवलो. दाराशी बसलो नाही.

माझं ताट शोधून बाजूला काढलं असेल, तर पुन्हा ढिगात ठेवा. बाबांना मी फोनवर विचारलं. त्यांनी परातीची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, 'राहू दे तिथंच. पोरं जेवतील त्यात.'"