मला पाईप नको

२०२४ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथी. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, पण कुणाचं ऐकायची सवय तिथंही लागली नाही.

त्या वर्षी एका दुपारी मी बदलापूरहून निघालो, उल्हासनगरात कॅम्प एकला आमच्या घरी गेलो आणि दाराला किल्ली लावायला लागलो. किल्ली लागेना. ती बदलापूरच्या फ्लॅटची होती. कॅम्पातलं घर विकून बरीच वर्षं झाली होती, ते काही माझ्या ध्यानात नव्हतं. दार एका सिंधी बाईनं उघडलं. मी तिला विचारलं, "तुम्ही इथं काय करता?" तिनं मला आत बसवलं आणि पापड-पाणी आणलं. सिंध्यांकडे पाहुण्याला आधी पापड-पाणी देतात. म्हणजे इथं मी पाहुणा आहे, हे तिला माझ्याआधी कळलं. पापड चांगला होता. घर घेतल्यापासून मुलाचा नंबर तिच्याकडं होता. तिनं फोन केला आणि मुलगा येऊन मला घेऊन गेला.

मग त्यानं मला अंबरनाथ पूर्वेला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. बाई सरळ बोलल्या. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, वाढत जाणार. पुढं काय हवं, काय नको, ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे वकिलाकडं साक्षीदारांसमोर पक्कं करून घेता येईल. मला पटलं. माझा थोरला भाऊ शेवटी कुणालाच ओळखत नव्हता. नाकात पाईप, आणि तो उपसू नये म्हणून हात कॉटला बांधलेले. मी भेटायला गेलो की त्याच्या हातांकडं बघायचो नाही. आपल्याला हे नको, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

बाई एकेक विचारत होत्या. माझी जेवणाची वेळ टळून गेली होती. त्या म्हणाल्या, "आजोबा, पुढं तोंडानं जेवण जाईना झालं, तर नळी चालेल का?"

मी 'जेवण' आणि 'नळी' एवढंच ऐकलं. म्हणालो, "चालेल काय, नळी तर मला लागतेच."

मुलाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

संध्याकाळी त्यानं सुनेला सांगितलं, "बाबा नळीला तयार आहेत. मला तीच काळजी होती."

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठल्या नळीला?"

"कुठल्या म्हणजे? नाकातल्या."

"बाबा, तुम्ही कुठली समजलात?"

"मटणातली," मी म्हणालो. "नाकात घालतात त्याला पाईप म्हणतात. पाईप मला नको."

सून हसली. मुलगा हसला नाही.

"दुपारी हो म्हणालात, आता नाही म्हणताय. उद्या परत हो म्हणाल. मी खरं कुठलं धरायचं?"

आता मी काहीही बोललो, तरी आजार बोलतोय असं म्हणायची त्याची सोय झाली होती.

"तुझ्या काकाचं बघून सांगतोय," मी म्हणालो.

"आणि तुमचं जेवण थांबलं की मी नुसता बघत बसू? विहारात लोक विचारतील, बापाला उपाशी मारला का."

"सांग, म्हातारा हट्टी होता. त्यांना माहीत आहे."

"मस्करी नका करू."

"मग माझ्या वतीनं सून बोलेल. वकिलाकडं तिचं नाव घालू."

"आणि मी कोण?"

"तू रडतोस. ही रडत नाही."

"मी पण रडते," सून म्हणाली, "पण कामं उरकल्यावर. आणि मला मध्ये घेऊ नका. बापलेकाचं तुम्ही मिटवा."

मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-चपातीला बसलो, तेव्हा मी त्याला म्हणालो, "भरव मला."

"का, हात दुखतोय?"

"भरव."

त्यानं चपातीचा तुकडा चहात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड मिटून घेतलं.

"घ्या ना, बाबा."

मी घेतला नाही. चहा हनुवटीवरून सदऱ्यावर गळायला लागला. त्यानं दुसऱ्या हातानं माझा जबडा धरला, जरा दाबला, आणि सोडून दिला. तुकडा मऊ होऊन ताटलीत पडला, तरी त्याचा हात तसाच वर होता. मग त्यानं माझी हनुवटी पुसली आणि सुनेला हाक मारून विचारलं, वकील किती वाजता बसतो.

उरलेली चपाती मी माझ्या हातानं खाल्ली.