एकाच शेडचे तीन नमुने

रामवाडीतली आमची गणपतीच्या कारखान्याची शेड वाऱ्यात टिकणार नाही, ती पाडा, अशी नगरपालिकेच्या साहेबांची नोटीस आली. आधार काय, तर मी शिकत होते त्याच कॉलेजातली चाचणी. तिथे बंद बोगद्यात पंख्याने वारा सोडून नमुन्यावरचा जोर मोजतात. शेडचा नमुना माझ्या काकांनीच करून दिला होता. पेणचा कारागीर तो, लहान कशाला करील? बोगद्यात दोन्ही बाजूंना चार बोटं उरतील एवढा केला. वाऱ्याला जायला जागाच कमी. तो भिंतींमध्ये चेपून जास्त वेगाने धावला आणि जोर फुगून दिसला. ही चूक कुणी दुरुस्त केली नाही, शेड मात्र आमची पाडायची! मी संतापून पत्रक लिहायला बसले.

"पत्रकानं शेड वाचणार हाय काय गो?" काका म्हणाले. "काय करू ते सांग."

"हाच नमुना आणखी दोन लहान मापांत करा. तंतोतंत."

"यवढंच? तोच गणपती आम्ही वीतभर करतो नि पुरुषभरही!"

तिन्ही नमुने तपासले. नमुना जितका लहान, तितका दर चौरस इंचावरचा जोर कमी भरला. आलेखावरच्या तीन ठिपक्यांतून रेघ शून्य मापापर्यंत पुढे ओढली, तेव्हा बोगद्याच्या भिंती नसताना येणारा खरा आकडा मिळाला. तो मर्यादेच्या चांगलाच आत होता. चाचणी घेणाऱ्या सरांनी नव्या अहवालावर सही केली.

नोटीस रद्द झाल्याचा कागद काकांनी शेडच्या खांबावर डकवला. साहेबांना मुद्दाम बोलावून तो मोठ्याने वाचायला लावला.