चौथ्यानंतर पाचवा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही. ज्यांच्याबरोबर गाड्यांच्या नादात महिन्यातला एक रविवार घालवतो, त्या मित्रांनाही नाही. सोनारीला भैरवनाथापुढं हात जोडून उभा राहिलो होतो, तेव्हा हे ओठापर्यंत आलं होतं — आणि मी भलतंच काहीतरी मागून बाहेर पडलो. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी ईटचा. घरची शेती आहे, खव्याचा धंदा आहे. भूम तालुक्यात खव्याचं काय नवल? नवल होतं ते माझ्या गाडीचं. जर्मन गाडी, दोन दारांची, गडद निळी, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी. पुण्याहून जुनीच घेतली होती. वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यात पेंडीचं पोतं तरी बसतंय का?" नाही बसत. दोन माणसं बसतात आणि मागं एखादी पिशवी.

पण ती चालू केली की — कसं सांगू? कढईत दूध आटत आल्यावर एक खोल, एकसारखा खदखदाट सुरू होतो, तसा तिचा आवाज. मोठा नाही, पण पोटात जाणवणारा. पाय दाबला की तो वर चढायला लागायचा. आता संपेल, आता संपेल असं वाटायचं, आणि तो चढतच राहायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, आजही येतो. लोखंडाच्या एका ठोकळ्यात माणसानं हे कसं भरलं असेल? मी बारावी नापास माणूस. मला ते देवळात गेल्यासारखंच वाटायचं.

लातूर, सोलापूर, बार्शी, उमरगा असे मिळून आम्ही चौदा-पंधरा जण होतो, सगळे असल्याच वेडाचे. उमरग्याचे दातांचे डॉक्टर आमचे म्होरके. थंडीत एकदा ते रीतसर परवानगी काढायचे आणि आम्ही एका जुन्या धावपट्टीवर जमायचो. तिथं आता विमान उतरत नाही. एक किलोमीटर सरळ रस्ता, दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं. बक्षीस नाही, काही नाही. जिंकला तो वर्षभर मिरवायचा. माझी गाडी सगळ्यांत जोरदार नव्हती, पण माझा गिअरचा हात साफ आहे असं सगळे म्हणायचे. नवीन आलेल्यांना डॉक्टर सांगायचे, "ह्याच्याशेजारी बसा आणि नुसता हात बघा." मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

तर अप्पा.

गाडीच्या इंजिनातून बारीक खडखड यायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेण्याआधी सास्तूरला एक माणूस आहे त्याला ऐकव. ऐकव म्हणाले, दाखव नाही. मी गेलो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर उघडे पडलेले, आणि साठी ओलांडलेला एक बारकासा माणूस, कपाळाला भस्म. मला हसूच आलं. ह्याच्या हातात माझी जर्मन गाडी?

अप्पांनी आधी साबणानं हात धुतले. मग मला गाडी चालू करायला सांगितली. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अशा चार-पाच जागा त्यांनी ऐकल्या. मला वाटतं त्या वेळी शेजारी बैल उधळला असता तरी त्यांना कळलं नसतं. मग डोळे उघडून म्हणाले, "चेन ढिली झालीय. तिचं गाईड झिजलंय. बाकी समदं…" आणि थांबले. बॉनेटखाली बघत राहिले. "भाऊ, हे माणसानंच बनिवलंय न्हवं?"

मला जे इतकी वर्षं वाटत होतं, ते त्यांनी एका वाक्यात म्हटलं. तेव्हाच मी त्यांचा झालो.

ही चेन म्हणजे इंजिनाच्या पोटातली सायकलसारखी साखळी, आणि गाईड म्हणजे तिला जागेवर धरणारी पट्टी. खालचं फिरणं आणि वरचं उघडणं-मिटणं तिच्यामुळं एका तालात राहतं. ती एक दात जरी सरकली तरी वरचे व्हॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बसतं. ती बसवायला खास हत्यार लागतं. अप्पांनी डॉक्टरांच्या फोनवर त्याचं चित्र बघितलं, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मोडक्या स्प्रिंग-पाट्याचा तुकडा घेतला आणि दोन दिवस कानशीनं घासून तसंच हत्यार बनवलं. ते खाचेत असं बसलं की मधे कागद शिरला नसता. सुटे भाग त्यांनी धुतलेल्या धोतरावर ओळीनं मांडले होते. कशावर खूण नाही, चिठ्ठी नाही. एकदा घट्ट केलेला बोल्ट ते परत बघायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हाताला कळतंय की."

मी तासन् तास तिथं पोत्यावर बसून नुसता बघत राहायचो. आमची गाडी त्यांच्याकडं जाते म्हटल्यावर गटातले आणखी चार-पाच जण जायला लागले. सास्तूरच्या त्या शेडपुढं परदेशी गाड्या उभ्या राहायच्या आणि अप्पा सगळ्यांना सारखंच सांगायचे, आधी गप ऱ्हावा, तिला बोलू द्या.

मी मुद्द्यावर येत नाही, हे मला कळतंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चेन बसवून तीन आठवडे झाले होते. धावपट्टीचा दिवस ठरला आणि मी अप्पांना म्हटलं, तुम्ही चला. तुम्ही जे केलंय ते पळताना कसं दिसतं ते बघा. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, डोक्याला टोपी. कोवळं ऊन होतं. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. धावपट्टीच्या अर्ध्यावर, कडेला दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

माझ्या शेजारी सोलापूरची गाडी होती, माझ्यापेक्षा ताकदीची. झेंडा पडला. पहिला, दुसरा, तिसरा — मी पुढं होतो. चौथ्यात ती माझ्या बरोबरीला आली, मग तिचं नाक पुढं गेलं. मला आठवतंय, मला राग आला. खेळात येतो तसला नाही, घाणेरडा राग. अप्पा बघतायत, सगळे बघतायत. चौथ्यानंतर पाचवा टाकताना दांडा उजवीकडं सारून मग पुढं ढकलायचा असतो. मी तो नुसता हिसकून पुढं ढकलला.

तो तिसऱ्यात पडला.

वेग चौथ्याच्या टोकाचा आणि गिअर तिसरा, म्हणजे चाकंच इंजिनाला त्याला झेपेल त्याच्या पलीकडं फिरवणार. मी क्लच सोडला. इंजिन किंचाळलं — दुसरा शब्द नाही माझ्याकडं — आणि कापड फाटावं तसा आवाज होऊन सगळं शांत झालं. मी दांडा मधे घेतला, गाडी घरंगळत जाऊन थांबली. इतक्या वेगात झालेली गोष्ट, पण मला ती त्याच क्षणी स्वच्छ कळली होती. हाताला कळतं. खरंच कळतं.

सगळे धावत आले. बॉनेट उघडलं. सोलापूरचा मित्र म्हणाला, "चेन गेली वाटतं. नवीन टाकली होती ना?" आणि सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या. ते एवढं अंतर पळत आले होते, धापा टाकत होते. डॉक्टरांनी मला विचारलं, "चेनच का रे?"

मी म्हणालो, "बहुतेक."

एवढंच. तुम्ही म्हणाल, घाबरल्यावर एखादा शब्द तोंडातून जातो. मीही स्वतःला तसंच सांगत आलो. पण ते खरं नाही. कारण अप्पांनी मला परत विचारलं होतं.

गाडी सास्तूरला नेली. आठवड्यानं त्यांचा निरोप आला म्हणून गेलो. शेडमध्ये आम्ही दोघंच. इंजिन उघडं होतं, वाकलेले व्हॉल्व्ह धोतरावर ओळीनं ठेवलेले. चेन तुटलेली नव्हती, पण एक दात सरकली होती. तशा हिसक्यानं सरकतेच. पण आधी सरकली म्हणून इंजिन बसलं, की इंजिन किंचाळलं म्हणून ती सरकली, हे लोखंड बघून सांगता येत नाही. ते सांगणारा जगात एकच माणूस होता. अप्पांनी एक वाकलेला व्हॉल्व्ह उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. तिकडं हुबा व्हतो तवा मला आवाज एकदम वर गेल्यावानी वाटला. म्हंजी आधी वर गेला, मंग फाटला. गेर बरोबर पडला व्हता का?"

दोन गाड्यांच्या गोंगाटात, तेवढ्या लांबून, त्यांनी ऐकलं होतं. बरोबर ऐकलं होतं. असल्या कानाला काय म्हणावं? माझ्या अंगावर तेव्हाही काटा आला, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो अप्पा. पाचवाच पडला."

ते मान हलवत राहिले. "मंग कान बी म्हातारं झालं म्हनायचं," म्हणाले. "न्हाय, मला तसा आवाज आला व्हता. पन तुमी म्हनताय तर मंग माझाच हात."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या कानापेक्षा जास्त. कुणी कुणाला एवढं मोठं काही देतं का? आणि मी ते घेतलं.

तीन महिने खपून त्यांनी ते इंजिन परत बांधलं. आता मात्र प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची खूण होती. घट्ट केलेला बोल्ट ते तीन-तीनदा बघायचे, बॅटरी लावून बघायचे. एकदा मला म्हणाले, "भाऊ, तुमी बी येकदा बघा, खूण खुणेवर हाय का." मी वाकून बघितलं आणि हाय म्हणालो. गाडी चालू झाली तेव्हा तिचा आवाज आधीपेक्षा गोड होता. ती आजही तशीच चालते. माझ्या माहितीत इतकं सुंदर बांधलेलं इंजिन दुसरं नाही, आणि ते एका अशा माणसानं बांधलंय ज्याला वाटतं की आपल्याला आता जमत नाही.

आमच्या गटातल्या गाड्या सास्तूरला जायच्या बंद झाल्या. कुणी वाईट बोललं नाही. वय झालं म्हणायचे. मीही मान हलवायचो. मग ट्रॅक्टरवाल्यांच्या कानावर गेलं. पण लोकांनी सोडण्याआधी अप्पांनीच सोडलं. त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं ट्रॅक्टर आणला तर त्याला म्हणाले, दुसरीकडं दाखव, माझा भरवसा न्हाय. आता त्या शेडमध्ये सोयाबीनची पोती असतात.

ह्या दिवाळीनंतर मी गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. वाटेत शब्द जुळवले होते. अप्पा मला बघून इतके हरखले की उठायला काठी लागते हेच विसरले. गाडीभोवती फिरले. मग जरा लाजत म्हणाले, "येवढं काम केलं, पन म्या कधी बसलो न्हाय हिच्यात."

खरंच. कधीच नाही. मला कधी सुचलंच नव्हतं.

मी दार उघडून त्यांना बसवलं. लोहाऱ्याच्या रस्त्यानं निघालो. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना तुरीला फुलं आली होती. त्यांनी मांडीवर दोन्ही हात ठेवले होते आणि समोर बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. तिसरा टाकला, चौथा टाकला, आवाज चढायला लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुणाच्याच चेहऱ्यावर कधी बघितलं नाही. तोंड किंचित उघडं, भुवया वर. एखाद्याला लांबून कुणी नावानं हाक मारावी तसं. मी पाचवा टाकला. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडं बघितलं.

"तुमचा हात लई साफ हाय, भाऊ," ते म्हणाले. "येवढ्या येगात बी चुकत न्हाय."

गाडीत आम्ही दोघंच होतो. काचा वर होत्या. रस्त्यावर माणूस नव्हतं. यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "अप्पा, पाणी पिणार का?"

त्यांनी बाटली घेतली, दोन घोट प्यायले. मी गाडी वळवून त्यांना घरापाशी सोडलं. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग काठी टेकत आत गेले. मी ईटकडं निघालो. घर येईपर्यंत माझा एकही गिअर चुकला नाही.